शिकस्त (मोडकळीला आलेल्या) खोल्यांची यादी आणि दहा वर्षांचा आराखडा: जिल्हा परिषद शाळांच्या इमारतींचा एक प्रकरण अभ्यास

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारतींसाठी दरवर्षी मागणीची यादी तयार होते, आणि दरवर्षी ती पहिल्या ओळीपासून नव्याने तयार होते. मागच्या वर्षी अकराव्या क्रमांकावर असलेली खोली यंदा चौथ्या क्रमांकावर का आली, किंवा यादीतून पार बाहेर का गेली, याचे उत्तर फायलीत सापडत नाही. अशा वार्षिक यादीऐवजी एका तालुक्याचा दहा वर्षांचा आराखडा करायचे ठरले तर काय काय पुढे येते, ते या प्रकरणात तपासले आहे. हा तालुका कोणताही एक विशिष्ट तालुका नाही. यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत जी परिस्थिती वारंवार आढळते तिच्यावरून, नियोजनाचा अभ्यास व्हावा म्हणून, हे प्रकरण रचले आहे. कायदे, निकष आणि निधीचे नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

तालुक्याच्या पश्चिमेला नदीकाठची खोल काळी जमीन आहे आणि तिच्यावर कापूस, सोयाबीन, तूर ही पिके आहेत. पूर्वेला मुरमाड टेकड्या, जंगल आणि त्यात विखुरलेले कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत. जिल्हा परिषदेच्या सुमारे ९० शाळांपैकी बहुतेक पहिली ते चौथीच्या आणि दोनशिक्षकी आहेत. इमारतींमध्ये इंग्रजी अमदानीतील दगड-चुन्याच्या, सागवानी फाट्यांवर कवेलू (कौले) असलेल्या काही जुन्या शाळा आहेत. जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर, म्हणजे १९६२ नंतर, विटांच्या भिंती आणि टिनाचे छत अशी बांधकामे वाढली, आणि सर्व शिक्षा अभियानाच्या काळात एकाच नकाशाच्या स्लॅबच्या खोल्या गावोगाव उभ्या राहिल्या.

यादी होण्याची रीत सर्वपरिचित आहे. शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते, मुख्याध्यापक तो केंद्रप्रमुखाकडे देतात, तेथून गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, बांधकाम विभाग आणि अखेर जिल्हा नियोजन समिती असा तिचा प्रवास होतो. प्रत्येक टप्प्यावर यादी थोडी बदलते. ज्या गावाचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी वारंवार जाऊ शकतो त्या गावाची खोली वर सरकते, आणि ज्या पोडावरून तालुक्याला यायचे तर दिवसभराची मजुरी बुडते तेथील खोली आहे तिथेच राहते. सदस्य असोत वा प्रशासक, या चालीत फारसा फरक पडत नाही, कारण दोष कोणा एकाच्या हेतूत नसून यादीच्या घडणीत आहे. मागणीची यादी फक्त मागणी मोजते.

शिक्षणहक्क कायद्याने या यादीला एक मोजमाप दिले होते. २००९ च्या या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक कक्ष, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण यांची अट आहे, आणि १ एप्रिल २०१० पासून तीन वर्षांत ती पूर्ण करायची होती. त्या घाईत खोल्यांची संख्या वाढली. परंतु अनुसूची संख्या सांगते, अवस्था सांगत नाही. म्हणून या तालुक्यात विचित्र चित्र दिसते: कागदावर खोल्या पुरेशा आहेत, काही शाळांत तर शिक्षकांपेक्षा जास्त आहेत, आणि तरीही पावसाळ्यात दोन वर्ग एकाच खोलीत बसतात, कारण दुसरी खोली गळते.

पाहणी: मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये

आराखड्यासाठी नेमलेल्या गटात गटशिक्षणाधिकारी, बांधकाम उपविभागाचे शाखा अभियंते, दोन केंद्रप्रमुख आणि एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी प्रथम यू-डायस प्लसची, म्हणजे देशभरच्या शाळांची माहिती नोंदवणाऱ्या सरकारी प्रणालीतली, माहिती काढली. तीत प्रत्येक शाळेच्या वर्गखोल्या सुस्थितीत, किरकोळ दुरुस्ती आवश्यक आणि मोठी दुरुस्ती आवश्यक अशा तीन रकान्यांत विभागलेल्या असतात. ही माहिती शाळेकडून भरली जाते, आणि छताचा पोपडा पडला म्हणजे किरकोळ की मोठी दुरुस्ती हे ठरवण्याचे प्रशिक्षण शिक्षकाला मिळालेले नसते. सावध मुख्याध्यापक सगळे मोठ्या दुरुस्तीत टाकतो, संकोची मुख्याध्यापक सगळे किरकोळीत टाकतो. तेव्हा अभियंता आणि केंद्रप्रमुख यांच्या जोडीने प्रत्येक इमारत स्वतः पाहायची, आणि ती दोनदा पाहायची, असे ठरले.

दोनदा पाहण्याचे कारण जमिनीत आहे. विदर्भाच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या प्रकारची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तीच हालचाल पायाखाली झाली की भिंतींना तडे जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर जाणारा तडा, वऱ्हांडा आणि खोली यांच्या जोडावरचा उभा तडा, मधोमध फुगलेली फरशी ही सगळी त्याचीच लक्षणे होत. ती उन्हाळ्यात सर्वांत स्पष्ट दिसतात, कारण तेव्हा तडे पूर्ण उघडलेले असतात. छत कुठून गळते, पाणी कुठे साचते आणि कोणती भिंत खालून ओल धरते हे मात्र ऑगस्टमध्येच कळते. आजवरच्या बहुतेक पाहण्या जानेवारी ते मार्चमध्ये, निधी खर्च करण्याच्या घाईत झाल्या, म्हणजे जेव्हा तडे अर्धवट मिटलेले आणि छते कोरडी असतात नेमक्या त्या काळात.

पावसाळी पाहणीचा आग्रह आणखी एका कारणाने रास्त होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचा भाग कोसळून तीन मुले दगावली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळा कोसळली तेव्हा सात मुलांचा जीव गेला. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. भिजलेली भिंत आणि पाणी प्यालेले छत यांचे वजन व बळ दोन्ही बदललेले असतात, आणि कोरड्या दिवसांत दिलेला सुस्थितीचा शेरा तेव्हा लागू राहत नाही.

दोन फेऱ्यांनंतर जे हाती आले ते गटाच्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. धोकादायक खोल्या होत्या, पण नव्या बांधकामाची मागणी ज्या खोल्यांसाठी आली होती त्यांतील मोठा हिस्सा पाण्याच्या व्यवस्थापनाअभावी बिघडलेला होता. छताचे पाणी पन्हाळीविना थेट जोत्याशी पडत होते. पोषण आहारानंतर मुले हात धुतात ती जागा भिंतीला लागून होती आणि तिला नाली नव्हती. हातपंपाचे सांडपाणी वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात मुरत होते, आणि शाळेच्या चार कोपऱ्यांपैकी तोच कोपरा खचला होता. जोत्याभोवती उताराची फरसबंदी, जिला अभियंते ‘प्लिंथ प्रोटेक्शन’ म्हणतात, अंदाजपत्रकात बहुधा असते, परंतु निधी कमी पडला की पहिली कात्री तिलाच लागते. काळ्या मातीत ही काटकसर महाग पडते, कारण पायालगतच्या मातीतील ओलावा वर्षभर शक्य तितका स्थिर राखणे हाच तेथे इमारत टिकवण्याचा पहिला उपाय आहे.

याउलट, दगड-चुन्याच्या जुन्या शाळांपैकी काहींच्या भिंती ठणठणीत निघाल्या. त्यांचे कवेलू फुटले होते, वाळवीने काही फाटे पोखरले होते, पण भिंत ओळंब्यात होती. त्या ‘कालबाह्य’ म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून पाडून टाकण्याच्या, प्रस्तावात होत्या. नुसत्या वयावरून निर्लेखन करण्याची सवय मला घातक वाटते. विदर्भाच्या उन्हात, जेथे पारा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो, कवेलूच्या उंच छताखालची खोली टिनाच्या खोलीपेक्षा बसण्याजोगी राहते, आणि छत बदलण्याचा खर्च संपूर्ण नव्या खोलीपेक्षा पुष्कळ कमी असतो. राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि विदर्भात उन्हापायी त्या नंतर उघडतात, ही गोष्ट शिक्षण खात्याला चांगली ठाऊक आहे. टाइप प्लॅनमध्ये, म्हणजे सगळीकडे वापरायच्या ठरावीक नकाशात, मात्र तिची दखल नसते.

पोर येणार किती

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता, कारण त्यात अभियंत्याची मदत होत नाही. दहा वर्षांनी या शाळेत मुले किती असतील? याचा अंदाज बांधणे वाटते तितके कठीण नाही. आज गावात जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत येते, आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद व अंगणवाडीची नोंदवही पाहिली तर पुढील सहा वर्षांचे चित्र बरेचसे हाती असते. त्यातून कॉन्व्हेंटच्या गाडीने तालुक्याला जाणारी मुले वजा करायची आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा वेगळा विचार करायचा. हे आकडे शाळेत आणि अंगणवाडीत स्वतंत्रपणे असतात, पण इमारतीच्या प्रस्तावाला ते कधी जोडले जात नाहीत.

दोन शाळांची तुलना येथे पुरेशी आहे. पहिली शाळा महामार्गालगतच्या मोठ्या गावातली. तिच्या चार नव्या खोल्यांना मंजुरी मिळण्याच्या बेतात होती, आणि मागणीमागे वजनही होते. अंगणवाडीच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळले की गावात मुले आहेत, पण त्यांतील निम्मी आधीच गाडीने बाहेर जात आहेत. शिक्षकसंख्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर करताना, पटावर ठरते, तेव्हा पट घसरला तर एक शिक्षक कमी होईल आणि चारपैकी दोन खोल्या रिकाम्या राहतील. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की इमारत चांगली नाही म्हणूनच मुले जातात, आणि इमारत झाली तर ती परततील. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गटाने अखेर दोन खोल्या, चांगली स्वच्छतागृहे आणि आहे त्या खोल्यांची दुरुस्ती असा तोडगा काढला, आणि उरलेल्या दोन खोल्यांचा निर्णय चौथ्या वर्षाच्या पटावर सोपवला.

दुसरी शाळा पोडावरची, पट १४. येथे इमारत म्हणजे तडे गेलेली एक खोली आणि टिनाचा वऱ्हांडा. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत, आणि २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एका जागी एकत्र करण्याचा, विचार पुढे आल्यापासून अशा इमारतीवर पैसा घालावा का, असा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर शेजारच्या गावची शाळा दीड किलोमीटरवर आहे, आणि मधल्या नाल्याला पूल नाही. पावसाळ्यात नाला भरला की सात वर्षांचे मूल तो ओलांडू शकत नाही. म्हणून शाळा राहणार हे गटाने आधी ठरवले आणि मगच तिच्या खोलीचा विचार केला. मुरमाड जमिनीत साधा पाया पुरतो, त्यामुळे येथे खर्च तुलनेने कमी आहे. अंगणवाडीलाही जागा नसल्याने एक मोठी खोली, मध्ये सरकता पडदा आणि तिन्ही बाजूंनी रुंद वऱ्हांडा अशी रचना सुचवली गेली. नेहमीच्या नकाशाबाहेरची असल्यामुळे तिच्या तांत्रिक मान्यतेला वेळ लागेल, हे गृहीत धरूनच ती पहिल्या वर्षी प्रस्तावित करण्यात आली.

खोल काळ्या मातीत नवी खोली अटळ आहे तेथे पायाचा प्रश्न वेगळा आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर भाग असलेल्या अंडर-रीम्ड खांबांची पद्धत विकसित केली, आणि भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात खोल फुगणाऱ्या मातीत हे खांब किमान साडेतीन मीटर खोल असावेत असे सांगितले आहे. ओलाव्याची घटबढ जेथे थांबते त्या थरावर इमारतीने उभे राहावे, एवढाच त्यामागचा विचार आहे. याने पायाचा खर्च वाढतो, म्हणून टाइप प्लॅनच्या दरात तो बसत नाही, आणि मग उथळ पाया घेऊन आठ-दहा वर्षांत दुरुस्तीला पुन्हा पैसा मागितला जातो. कमी खोल्या, पण खोल पाया, हे सूत्र गटाने पश्चिम भागासाठी मान्य केले. यादीत खोल्यांचा आकडा घटला म्हणून त्याला विरोधही झाला.

पैसा कुठला आणि कधी

निधी नाही, हे वाक्य अर्धे खरे आहे. निधी अनेक ठिकाणी थोडाथोडा आहे आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के भार उचलते, आणि मंजुरी वर्षाच्या आराखड्यात मिळते. जिल्हा वार्षिक योजनेतून नव्या खोल्या व मोठ्या दुरुस्त्या होतात, आणि जिल्हा परिषदेला तो निधी खर्चायला दोन आर्थिक वर्षे मिळतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेला बांधलेली होती, म्हणजे शाळेचे स्वच्छतागृह, नळ, सांडपाण्याची नाली ही कामे तेथूनच शोभत होती. अनुसूचित क्षेत्रातील गावांत पेसा कायद्याखालचा पाच टक्के निधी ग्रामसभेच्या निर्णयाने पायाभूत सुविधा आणि शिक्षणावर वापरता येतो. खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, आणि तेथे शिक्षण हे प्राधान्याचे क्षेत्र आहे. रोजगार हमीतून कुंपण व मैदानाचे सपाटीकरण होऊ शकते. शाळेच्या हातात उरते ते संयुक्त शाळा अनुदान: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार. त्यातून वीजबिल, खडू, स्वच्छता साहित्य भागवून फुटलेले कवेलू बदलायला जे उरते ते उरते. छोट्या शाळांची छते का गळतात याचे अर्धे उत्तर येथे आहे, कारण छताचे क्षेत्रफळ पटाप्रमाणे घटत नाही.

गटाने प्रत्येक शाळेच्या पानावर कामाशेजारी निधीचा स्रोत लिहिला. त्यातून लक्षात आले की नाली, फरसबंदी आणि हात धुण्याच्या जागेचे स्थलांतर ही तिन्ही कामे एकत्र झाली तरच भिंत वाचते, परंतु नालीचा पैसा ग्रामपंचायतीकडे आणि फरसबंदीचा जिल्हा परिषदेकडे आहे. इमारत जिल्हा परिषदेची, म्हणून ग्रामपंचायत तिच्यावर खर्चायला नाखूश असते. यावर उपाय म्हणून शाळेचे काम ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात आधीच घ्यायचे आणि दोन्ही कामे एकाच उन्हाळ्यात ठेवायची, असे ठरले. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांचे किती जुळते यावर ते अवलंबून राहील.

वेळेचा प्रश्न पैशापेक्षा किचकट निघाला. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मध्येच एखादी आचारसंहिता, आणि कार्यारंभ आदेश हाती येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. शाळेला सुटी लागते मेमध्ये, आणि तेव्हा गावात प्यायलाच पाणी नसते, तर सिमेंटच्या कामावर पाणी मारायला कुठून येणार? पुरेसे क्युरिंग न झालेला स्लॅब जूनमध्ये पाऊस झेलतो, आणि पाचव्या वर्षी त्याच्या सळया उघड्या पडतात. म्हणून पायाचे व काँक्रीटचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, वर्ग दुसरीकडे बसवून करायचे, आणि सुटीत केवळ छत, रंग, फरशी, दारे-खिडक्या अशी कमी पाण्याची कामे ठेवायची, असा क्रम गटाने घातला. त्यासाठी मंजुरी आदल्या वर्षीच हवी, आणि जिल्हा योजनेची दोन वर्षांची मुदत नेमकी येथे उपयोगी पडते. मला या संपूर्ण आराखड्यात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

क्रमावरून वाद

आराखडा सादर झाला तेव्हा प्रमुख आक्षेप वाटपाचा होता. आजवर प्रत्येक सर्कलला (जिल्हा परिषदेच्या मतदारगटाला) साधारण सारखा वाटा मिळत असे, आणि नव्या क्रमात पहिल्या दोन वर्षांत दोन सर्कलना एकही नवी खोली नव्हती. समान वाटपाची बाजू अगदीच पोकळ नाही. दूरच्या सर्कलला काहीतरी मिळेल याची ती एकमेव हमी होती, आणि निकष ठरवणारी माणसे तालुक्याच्या ठिकाणी बसतात हे विसरून चालणार नाही. तडजोड अशी झाली की दुरुस्तीचा निधी सर्व सर्कलमध्ये शाळांच्या संख्येप्रमाणे वाटला जाईल, पण नव्या खोल्यांचा क्रम धोका, जमीन आणि पुढील सहा वर्षांचा पट यांवरच राहील, आणि क्रम बदलायचा असेल तर बदलाचे कारण लिहून त्याखाली सही करावी लागेल.

धोकादायक ठरलेल्या खोल्या मात्र क्रमाची वाट न पाहता बंद करण्यात आल्या. मुले समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत बसवायची सोय झाली. निर्लेखनाला वेळ लागतो, आणि तोवर पडकी खोली मैदानात उभी राहते, मधल्या सुटीत मुले तिच्या सावलीत खेळतात. त्यामुळे खोली बंद करणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, तर भोवती काटेरी तारेचे कुंपण घालणे, अशी स्पष्ट नोंद आदेशात घालावी लागली.

आराखड्याची पहिली दोन वर्षे पाण्याच्या निचऱ्याला आणि छतांना, तिसरे ते सहावे वर्ष खोल्यांना, आणि पुढची चार वर्षे मुद्दाम मोकळी ठेवली आहेत. प्रत्येक शाळेत इमारतीची एक नोंदवही राहील. तडा पहिल्यांदा केव्हा दिसला, त्याच्या दोन्ही टोकांना तारखेसह खूण केली का, पन्हाळ केव्हा साफ केली, हे तीत लिहायचे, आणि मुख्याध्यापकाची बदली झाली की कार्यभाराबरोबर ती वही सोपवायची. शिक्षकांवर कागदपत्रांचे ओझे आधीच पुष्कळ आहे, त्यामुळे ही वही दोन वर्षांनंतर किती शाळांत चालू असेल याविषयी गटातच दुमत होते.

एक निर्णय जाणूनबुजून लांबणीवर टाकला आहे. पोडाजवळच्या नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधण्याचा प्रस्ताव बांधकाम खात्याकडे आहे. तो झाला तर नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या शाळांची मुले बारा महिने ये-जा करू शकतील, आणि दोन्हीकडे खोली बांधण्याऐवजी एका जागी तीन खोल्यांची शाळा करण्याचा विचार करता येईल. पोडावरील पालकांना मात्र आपली शाळा पलीकडे जाणार अशी धास्ती आहे, आणि ग्रामसभेत त्यांनी तसे सांगितले. तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमधील पाहणीपर्यंत रपटा उभा राहिला आणि एक पावसाळा टिकला, तरच हा विषय ग्रामसभेपुढे पुन्हा ठेवायचा, आणि तोवर पोडावरच्या मोठ्या खोलीचे काम थांबवायचे नाही, असे इतिवृत्तात नोंदवले आहे.